लिनक्सचा कौल

लिनक्स कुठे शिकलात, असं ऑफिसात नव्याने आलेली मुलं विचारतात, तेव्हा मी सरळ सांगते: आमच्या गावी, लाटंबार्शात, स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत, आमसुलांच्या वासात. ती हसतात. हसू देत बापडी. पुढचं सांगायला बसले तर त्यांचा चहा थंड होईल, म्हणून मी तिथेच थांबते.

कंप्यूटर डिप्लोमाची शेवटची परीक्षा झाली तेव्हाची गोष्ट. पुण्याच्या एका लहानशा कंपनीचा माणूस पणजीला मुलाखती घ्यायला आला होता. माझी पाळी आली तशी त्याने विचारलं, मशीन चालवतं ते लिनक्स येतं का? मी म्हटलं, नाही, पण शिकेन. तो म्हणाला, तयार मिळतं ते शिकू नकोस, ते कुणीही बसवतं. आणि बॅगेतून तीन सीड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. ह्यात नुसतं सामान आहे, म्हणाला. एकेक तुकडा आपण बांधायचा, एकमेकांत बसवायचा, आणि मग त्याचं लिनक्स होतं. महिन्याभरात तुझ्या मशीनवर उभं राहिलं तर मला फोन कर, नोकरी तुझी. घर मागायला जावं आणि समोरच्याने हातात चिरे ठेवावेत, तशी गत. पण मी हट्टी. चिरे उचलून घरी आले.

बाबा खाणीवर फिटर होते. टिपर, शॉवेल, जे काय बंद पडेल ते खोलून परत जुळवायचे. सगळा गाव त्यांना फिटर म्हणूनच हाक मारायचा. त्यांनी सीड्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि खूश झाले. "तयार गाडी चलयता तो डायवर. इंजिन खोलून परत जुळयता तो फिटर. बरां सांगल्यान त्या माणसान."

"आणि जमलं तर पुण्याला पाठवाल?"

"बघूया," बाबा म्हणाले आणि सीड्या देवाच्या फळीवर ठेवून आंघोळीला गेले.

आमच्या घरात 'बघूया' म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. घरावर पत्रे घालायचे 'बघूया' मी चौथीत असताना निघालं होतं, ते अजून चालू होतं. मी एकुलती एक. त्या दिवसापर्यंत घराबाहेर एकटी राहिले होते ती एकच रात्र, तीही मांद्र्याला मावशीकडे, आणि तेव्हासुद्धा बाबा सकाळी सातला मोटरसायकल घेऊन दारात हजर. तर मला महिन्याभरात दोन 'हो' मिळवायचे होते, एक मशीनकडून आणि एक बाबांकडून. मशीनचं सोपं असेल असं मला वाटत होतं. कसली अक्कल होती देव जाणे!

मशीनही खाणीवरचंच. तिथल्या ऑफिसाने जुने कंप्यूटर काढून टाकले तेव्हा बाबांनी एक मागून घेतला आणि चादरीत गुंडाळून टिपरातून घरी आणला होता. झाकण उघडलं तर आत ओंजळभर तांबडी माती. बाबा तो परत वर्कशॉपात घेऊन गेले आणि टायरात हवा भरायच्या कंप्रेसरने फुंकून आणला. अशा मशीनवर मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आधीचं सगळं पुसून टाकलं. पुस्तक म्हणजे डिचोलीच्या सायबर कॅफेत छापून घेतलेली कागदांची चवड, आईच्या साडीच्या काठाने बांधलेली. पुसून झाल्यावर पुढच्या पानावर लिहिलं होतं, की पुसण्याआधी सगळं नीट वाचून घ्या.

पहिले बारा दिवस मी काहीच शिकले नाही, नुसती बघत बसले. एक आज्ञा द्यायची आणि पडद्यावर अक्षरं धावायला लागायची. दोन तास, चार तास, कधी सकाळचं लावलेलं संध्याकाळी संपायचं. संपण्याआधी लाईट गेली की पहिल्यापासून. तिसऱ्यांदा लाईट गेली तेव्हा मी रडले. रडले म्हणजे भोकाड पसरलं, लाज कसली त्यात. दुसऱ्या दिवशी बाबांनी टिपरची एक बॅटरी आणि कुठला तरी इन्व्हर्टर आणून खिडकीखाली मांडला. तेव्हापासून आमचा कंप्यूटर टिपरवर चालायला लागला.

बाबा पाळी संपवून आले की खुर्ची ओढून मशीनपुढे बसायचे. अक्षरं वाचता येत नव्हती त्यांना. मराठी चौथीपर्यंत शिकलेले, इंग्लिश म्हणजे स्पेअर पार्टांच्या खोक्यांवरचे आकडे. पण धावतंय म्हणजे काम चाललंय एवढं त्यांना पुरे होतं. मध्येच ते लांब स्क्रू ड्रायव्हर घेत, त्याचं टोक हार्ड डिस्कवर टेकवत आणि मूठ कानाला लावत. इंजिनाचा आवाज फिटर असाच ऐकतात. डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल द्यायचे: "बेरिंग बरां आसा."

आईला ह्यातलं काहीच पटत नव्हतं, पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. मशीनच्या पाठीतून दिवसभर गरम वारा येतो. मे महिना, कोकमाची सोलं वाळवायची घाई, आभाळ तर रोज भरून यायचं. एके दिवशी बघते तर मशीनच्या मागे सुपात सोलं मांडलेली.

"आई! मीठ आहे त्यांना! मशीन गंजेल!"

"दोन सुपां वाळली," आई म्हणाली. "तुझ्या लिनक्सान आजून काय केल्यान?"

सोलं तिथेच राहिली.

अशा थाटात आम्ही बसलेलो असताना एका सकाळी पोदेर पाव घेऊन आला. त्याने खिडकीतून आत पाहिलं. टिपरच्या बॅटरीला जोडलेला कंप्यूटर, त्याच्या मागे आमसुलं, पुढे केस पिंजारलेली मी, आणि कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून डोळे मिटलेले बाबा. त्याने पावाचे उंडे आईच्या हातात दिले आणि भोंगा न वाजवता गेला. दुपारपर्यंत गावभर झालं, की फिटराच्या चेडवाला, म्हणजे मुलीला, कायतरी लागलंय.

तेराव्या दिवशी कर्नलपाशी पोचले. कर्नल म्हणजे लिनक्सचं इंजिन. ते बांधण्याआधी मशीन तुम्हाला एकेक प्रश्न विचारतं, अमुक गोष्ट आत घालू का? वाय म्हणजे हो. एन म्हणजे नाही. आणि एम म्हणजे आत्ता आत नको, बाजूला ठेव, गरज लागली तर घेऊ. ऐकायला सोपं. पण प्रश्न किती? शेकड्यांनी! अमुक जातीचं कार्ड आहे का, तमुक जातीचा बस आहे का, पाणबुडीत वापरतात तसलं काय काय आहे का. एक चुकला तर मागे जाता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून. ह्याची सोपी, यादीतून निवडायची पद्धतही असते हे मला पुण्याला गेल्यावर कळलं, तेव्हा मी कपाळ बडवून घेतलं.

"इतक्या गजाली इचारता?" आई सोलं उलटताना म्हणाली. "माका बघूक इल्ले तेव्हा तुझ्या आजयेन पण इतक्या इचारूक नाय."

प्रत्येक प्रश्नाखाली थोडी मदत लिहिलेली असायची. ती वाचून आणखी गोंधळ. शेवटी बहुतेक ठिकाणी एकच ओळ: शंका असेल तर एन म्हणा. मला तर सगळ्याचीच शंका होती. तरी वाचून वाचून, मशीन उघडून आतल्या चिपांवरचे नंबर भिंगाने पाहून मी बाकीचे प्रश्न सोडवले. सात राहिले. नुसती अक्षरांची जुडगी होती ती, नाव ना गाव. त्या सातांना मी मनाला येईल तशी उत्तरं दिली, कर्नल बांधला, मशीन बंद करून चालू केलं. चार ओळी धावल्या आणि पडद्यावर आलं: कर्नल पॅनिक.

"काय म्हणता?" बाबांनी विचारलं.

"घाबरलंय म्हणतं."

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "खाणीर जुळयलेला इंजिन तीन दिवस चालू जालां नाय तर आमी काय करतो?"

मला माहीत होतं. गावच्या देवीला, सातेरीला, कौल लावतात. आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं तिला विचारूनच होतं. गुरव पिटकुळीच्या कळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवी कळी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

माझं डोकं त्या वेळी ठिकाणावर नव्हतं हे मान्य. पण तुम्हीच सांगा, हो की नाही असे सात प्रश्न, आणि गावात हो की नाही सांगणारी देवी. मी आणखी कोणाकडे जाणार होते? डिचोलीच्या सायबर कॅफेवाल्याकडे? त्याने तर लिनक्स हे कुठल्या तरी औषधाचं नाव समजून मला फार्मसी दाखवली होती.

मी सात चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर एक प्रश्न. बाबांना त्याचा उच्चार तरी शिकवावा म्हणून बसवलं, तर ते म्हणाले, "नको. गुरवाक सांगूचां नाय. मी मनात धरतंय. तू नुसती चिठी दी." मनात धरून कौल लावायचीही रीत आहे, त्यात गुरवाला प्रश्न सांगावा लागत नाही. मला बरंच वाटलं. आयडीई का काय ती अक्षरं गुरवाच्या तोंडून गाऱ्हाण्यात ऐकायची माझीही तयारी नव्हती.

कौल रोज लावत नाहीत, आठवड्यातल्या ठरलेल्या दोन वारीच. पहिल्या वारी बाबा तीन चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात घालून गेले, आणि आले ते दारातूनच म्हणाले, "पयली डावी. दुसरी डावी. तिसरी पण डावी."

एन, एन, एन. मी बसले, सगळे प्रश्न पहिल्यापासून दिले, ते तीन एन केले, कर्नल बांधला. पॅनिक.

पुढच्या वारी आणखी दोन. "डावी. डावी." पॅनिक.

शेवटच्या दोन चिठ्ठ्या उरल्या तेव्हा महिना संपायला आठ दिवस होते. त्या दिवशी बाबांना यायला फार उशीर झाला. जेवण निवलं. आले ते पायरीवरच बसले. "एक डावी," म्हणाले.

"आणि सातवी?"

"सातवी पडलीच नाय. अडकून रवली. गुरवान वाट बघल्यान, मी बघलंय. उजवी नाय, डावी नाय. दिवे लागले, गुरवान दार लावल्यान."

अडकलेल्या कळीचं काय करायचं? मी विचार केला आणि तिला एम दिला. आत्ता आत नको, बाजूला ठेव, गरज लागली तर घेऊ. देवीने याहून स्पष्ट काय सांगायचं! मी खूश होऊन पुन्हा सगळं बांधलं.

पॅनिक.

दुसऱ्या दिवशी मी तिठ्यावर काड्यापेटी आणायला गेले तर गुरवकाका भेटले. चांगलेच वैतागले होते. "गो, बापाशीक सांग तुझ्या. देवीन एकदा सांगल्यान म्हणजे सांगल्यान. तीच तीच गजाल कितीदा इचारूची? कळ्या माझ्या, पण मान देवीचो." मला वाटलं, मनातले प्रश्न ऐकू येत नाहीत म्हणून त्यांना सगळे एकच वाटत असणार. मी मान खाली घालून "व्हय काका" म्हटलं आणि घरी आले.

फोन करायला चार दिवस उरले. जेवण झालं, बाबा पाळीवर, आई माजघरात आडवी झालेली. मी पडद्यापुढे बसले आणि मला एकदम संताप आला. सातेरीवर नव्हे, बरं का. तसं कोण करील! स्वतःवर. बाबा नटबोल्ट खोलून बघतात, कळत नसलं तर परत खोलतात. आणि मी, फिटराची मुलगी, चिठ्ठ्या पाठवून बसले होते. मी सगळे कागद जमिनीवर पसरले. त्या सात जुडग्यांतल्या एकेकीचा माग काढला. तिसरीपाशी पोचले. ती अक्षरं म्हणजे आमच्याच हार्ड डिस्कचं घराणं होतं! हार्ड डिस्क ओळखू नकोस असं मी मशीनला दहा दिवस बजावत होते, आणि मग ते बिचारं अंधारात चाचपडून घाबरत होतं.

तिसरीचं वाय केलं. मग मात्र थबकले. देवीचा एक कौल मोडला तसे बाकीचेही मोडावेत का? पण घुश्श्यात होते. सहाच्या सहा डाव्या कळ्यांचं मी वाय केलं. सातवी तेवढी अडकलेली होती ती राहू दिली. बांधायला लावलं आणि खोलीचं दार लावून घेतलं, जशी काय चोरून कैऱ्या खातेय.

चारच्या सुमारास मशीन चालू केलं. ओळी धावल्या. धावत राहिल्या. नेहमीच्या जागी थांबल्या नाहीत. आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक शब्द आला, आपलं नाव सांग म्हणून. शेजारी एक छोटी रेघ लुकलुकत होती. मी अशी किंचाळले की आई झोपेतून उलथणं घेऊन आली.

"काय दिसता?" तिने विचारलं.

"हे!"

तिने काळ्या पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ह्याच्यासाठी महिनो घालयलंस?" म्हणाली, आणि सोलं उलटून गेली.

बाबांनी मात्र आल्या आल्या स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं. "सुरेख," म्हणाले. "देवीन सांगल्याप्रमाणां केलंस मगे?"

"व्हय," मी म्हटलं.

ते खोटं मला सोसवेना. कारण दुसऱ्या दिवशी बाबा कधी नव्हे ती इस्त्रीची पँट घालून, नारळ आणि ओटी घेऊन निघाले, देवीचे उपकार फेडायला, आणि मलाही बरोबर घेतलं. देवळाच्या पायरीशी मी थांबले. म्हटलं, "बाबा, मी खोटं बोलले. सहा वेळा देवी नाही म्हणाली, मी सहाही ठिकाणी हो केलं. तेव्हा चालू झालं."

नारळ काखेत धरून बाबांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि सात चिठ्ठ्या काढल्या. मी जशा घड्या घालून दिल्या होत्या तशाच. एकही उघडलेली नव्हती.

"माका खंय इंग्लिश येता?" ते म्हणाले. "आणि देवीक तरी खंय येता."

"मग तुम्ही विचारलंत काय?"

"तुका पुण्याक धाडू काय, म्हणान."

"सातही वेळा?"

"सव वेळा. ती नाय म्हणता, मी परत इचारतंय. नाय म्हणता, परत इचारतंय. गुरव वैतागलो."

हसावं का रडावं कळेना. माझ्या पुण्याच्या नकारांवर मी हार्ड डिस्क बंद करत होते! "आणि सातवी? ती अडकलेली?"

बाबा देवळाच्या कळसाकडे बघत राहिले. "त्या खेपेक गजाल बदललंय," म्हणाले. "चेडू गेल्यार माका जमतलां काय, असां इचारलंय."

आत गेलो तेव्हा गुरवकाकांनी सवयीने कळ्यांची वाटी पुढे ओढली. "काय फिटर? परत लावया?"

"नको," बाबा म्हणाले. "आता इचारूचां नाय. चुकीची माफी तेवढी माग." गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, आपल्या लेकरांकडून जे काय चुकलं माकलं असेल ते पदरात घे म्हणून, आणि आम्ही दोघांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. बाहेर येऊन बाबा एवढंच म्हणाले, "जा. फोन कर त्या माणसाक."

मी केला, आणि पावसाच्या तोंडावर पुण्याला आले. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. खाण बंद पडली, बाबा निवृत्त होऊन काजूच्या बागेत रमले. दर रविवारी मी फोन करते आणि दर रविवारी विचारते, "बाबा, जमता मां?"

"कळी आजून पडूक नाय गो," बाबा म्हणतात. मग आई त्यांच्या हातातून फोन ओढून घेते आणि औंदा सोलं किती पाठवू ते विचारते.